ग्राहकाचा नकार आणि परके सरकार



साहित्याच्या व्यासपीठावर बाजाराचा विषय कशाला, असे कार्यवाहांनी मला विचारले नाही, हा त्यांचा चांगुलपणा. तुमच्यापैकी काहींच्या मनात मात्र तो प्रश्न असेल. म्हणून एका शब्दापासूनच सुरुवात करतो. तो शब्द म्हणजे बहिष्कार.

आपल्या भाषेत या शब्दाला दोन तोंडे आहेत. एक जुने. गावाने किंवा जातीने एखाद्या घराला वाळीत टाकले की त्या घराचे पाणी, विस्तव, न्हावी, भट सगळे बंद होई. ते हत्यार बळकटाच्या हाती असे आणि घाव दुबळ्यावर पडे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले ते याच अनुभवातून. आणि हे सगळे इतिहासजमा झाले म्हणावे, तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. दुसरे तोंड स्वदेशीच्या काळातले. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तेव्हा तोच शब्द दुबळ्याने बळकटाविरुद्ध उचलला होता.

आज मी या दुसऱ्या अर्थाविषयी बोलणार आहे. एखाद्या देशातले सरकार माणसांना छळत असेल, तर दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाने त्याचा माल घेतला नाही म्हणून त्या सरकारवर काही दाब येतो का? माझे उत्तर असे, की येतो. पण सरळ येत नाही, एकट्याने येत नाही, आणि दर वेळी येत नाही.

या प्रश्नाशी आपला, गोमंतकीयांचा, घरचा संबंध आहे. पोर्तुगीज राजवटीवर दाब आणण्यासाठी भारत सरकारने १९५५ साली गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे बंद झाली, सीमेवरून माल येईना, मुंबईत नोकरी करणाऱ्यांना घरी पैसे पाठवणे कठीण झाले. आमच्या घरातली थोरली माणसे त्या दिवसांची गोष्ट सांगत, ती हॉलंडच्या बटाट्यांची. भारतातून बटाटा येईना, तर तो समुद्रावरून येऊ लागला. तांदूळ पाकिस्तानातून आला, सिमेंट जपानमधून आले. लोहखनिजाची निर्यात थांबली तर नाहीच, उलट वाढली. सालाझार जागचा हलला नाही. गोवा मुक्त झाला तो १९६१ च्या डिसेंबरात, लष्करी कारवाईने.

यातून आपण काय शिकायचे? एक दार बंद केले आणि बाकीची उघडी राहिली, तर सरकारचे फारसे बिघडत नाही. त्रास होतो तो सामान्य घरांना. शिवाय ही नाकेबंदी सरकारने केलेली होती. हॉलंडमधल्या किंवा जपानमधल्या गिऱ्हाइकाला गोव्यात काय चालले आहे याची गंधवार्ताही नव्हती.

आता त्याच राजवटीची पुढची गोष्ट पाहा. गोवा गेला, तरी अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ पोर्तुगालने सोडले नव्हते. तिथे स्वातंत्र्यासाठी लढाई चालू होती. मोझांबिकमध्ये तर आपल्याकडची कितीतरी माणसे नोकरीला होती. अंगोलाच्या मळ्यांतली कॉफी हॉलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर जात असे. १९७२ साली तिथल्या एका लहानशा समितीने लोकांना एवढेच सांगितले, की ही कॉफी पिऊ नका, तिचा पैसा वसाहतीच्या युद्धाला जातो. ज्या देशाचे बटाटे आम्ही नाकेबंदीत खाल्ले, त्याच देशातली ही गोष्ट. थोड्याच काळात मोठ्या दुकानांनी आणि कॉफी भाजणाऱ्या कंपन्यांनी अंगोलाची कॉफी घेणे थांबवले.

मग लिस्बनचे सरकार कॉफीमुळे पडले का? नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी ते पाडले युद्धाला कंटाळलेल्या पोर्तुगीज लष्करातल्याच अधिकाऱ्यांनी. बहिष्काराच्या खात्यावर नसलेले यश आपण जमा करू नये. पण हॉलंडमधला सामान्य माणूस, ज्याला अंगोला नकाशात दाखवता आला नसता, तो या एका कपामुळे त्या युद्धाविषयी बोलू लागला, आणि कंपन्यांना बाजू घ्यावी लागली. १९५५ साली जे नव्हते, ते हेच.

हा दाब कसा चढत जातो, ते दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणात अधिक स्वच्छ दिसते. तिथल्या वर्णभेदी कायद्यांच्या निषेधार्थ भारताने १९४६ मध्येच व्यापार तोडला होता. १९५९ साली लंडनमध्ये आफ्रिकन फळांवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. पंचवीस वर्षे ती चालू होती, आणि राजवट जागच्या जागी होती. मग १९ जुलै १९८४ रोजी डब्लिनच्या एका मोठ्या दुकानात मेरी मॅनिंग नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीने दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेपफ्रूटचे, म्हणजे पपनसाच्या जातीतल्या फळाचे, पैसे घ्यायला नकार दिला. तिच्या कामगार संघटनेचा तसा आदेश होता. तिला कामावरून दूर केले, तेव्हा सहकारी बाहेर पडले. जेमतेम डझनभर माणसे. जवळजवळ तीन वर्षे ती रस्त्यावर उभी राहिली. अखेर १९८७ मध्ये आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळांची आणि भाज्यांची आयात बंद केली. पश्चिम युरोपात असे पाऊल उचलणारे ते पहिल्या काही सरकारांपैकी एक होते.

बॉयकॉट हा इंग्रजी शब्दही याच आयर्लंडमधला. १८८० साली कुळांना छळणाऱ्या एका जमीनदाराचा हा कारभारी. त्याचे पीक कापायला कोणी गेले नाही, दुकानदारांनी त्याला माल दिला नाही, आणि त्याचे आडनाव शब्दकोशात गेले.

ग्रेपफ्रूट विकले गेले नाही म्हणून प्रिटोरियाचे सरकार घाबरले नाही. गिऱ्हाइकाचा नकार आधी दुकानदाराला बोचतो, मग कंपनीला, मग बँकेला, आणि त्यानंतर सरकारला. बार्कलेज बँकेविरुद्ध इंग्लंडमधले विद्यार्थी वर्षानुवर्षे निदर्शने करत होते. ती बँक १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. त्याआधी १९८५ मध्ये अमेरिकी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला आणि त्या सरकारला परतफेड थांबवावी लागली. बँकांना खरी धास्ती होती ती तिथल्या काळ्या वस्त्यांतल्या उठावाची. बाहेरच्या बहिष्काराने तिथे टिकून राहणे महाग आणि लाजिरवाणे केले. आतला लढा नसता, तर बाहेरचा नकार पोकळ ठरला असता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. मळ्यातल्या मजुराचे काय? माल खपला नाही तर आधी रोजगार जाईल तो त्याचा. याचे उत्तर देण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. तो आल्बर्ट लुथुली यांना होता. ते म्हणत, हाल आमचे होतील हे आम्ही जाणतो, पण रक्तपाताचे दिवस कमी होणार असतील तर ती किंमत आम्ही द्यायला तयार आहोत. आणि हे नुसते बोलणे नव्हते. मळ्यांवरच्या मजुरांची हलाखी उघड झाली तेव्हा १९५९ साली तिथल्या काळ्या लोकांनी स्वतःच बटाटे खाणे सोडले होते. गरिबाच्या ताटातला बटाटा!

सगळीकडे असे घडत नाही. शिंजियांगमधल्या कापसामागे सक्तीची मजुरी असल्याच्या बातम्यांवर एच अँड एम या कंपनीने चिंता व्यक्त केली होती. २०२१ च्या मार्चमध्ये चीनमधल्या गिऱ्हाइकांनीच तिच्यावर बहिष्कार टाकला आणि ऑनलाइन बाजारांतून तिचा माल दिसेनासा झाला. ज्या सरकारच्या हाती इतके मोठे गिऱ्हाईक आहे, ते हेच हत्यार उलटे फिरवू शकते.

म्हणून कोणी मला एखाद्या मालावर बहिष्कार घालायला सांगितले, तर मी तीन गोष्टी विचारतो. हा बहिष्कार मागितला कोणी, सोसणाऱ्यांनी की भलत्यांनी? मधला दुवा कोणता, म्हणजे माझा नकार कोणत्या दुकानाला, कोणत्या कंपनीला लागणार? आणि तो केव्हा संपणार? १९९३ मध्ये नेल्सन मंडेला यांनी संयुक्त राष्ट्रांत उभे राहून सांगितले, की आता निर्बंध उठवा. न्यायाच्या बहिष्काराला शेवट असतो. वाळीत टाकण्याला तो नसे. त्या देशातून आलेला विद्यार्थी, त्या देशाच्या पदार्थांचे हॉटेल चालवणारा गृहस्थ यांच्याशी आपण बोलणे सोडले, तर समजावे की शब्दाचे जुने तोंड परत आले.

शेवटी पुन्हा डब्लिनच्या रस्त्यावर जाऊ. संप सुरू झाला तेव्हा त्या मुलींना दक्षिण आफ्रिकेविषयी फारसे ठाऊक नव्हते. त्यांच्या रांगेत एक परागंदा आफ्रिकन कामगार नेता येऊन उभा राहिला, निम्रोड सेजाके. तिथली पिळवणूक काय असते ते त्याने त्यांना सांगितले, आणि मग त्या हटल्या नाहीत. त्या अकरा-बारा जणांना तीन वर्षे उभे ठेवले ते एका माणसाच्या सांगण्याने. साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, याचे माझे उत्तर एवढेच. माल कुठून आला हे पिशवीवर छापलेले असते. तो कसा आला, हे कोणीतरी सांगावे लागते.