उन्हाळा आणि बिघडलेले पातेले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उन्हाळ्यातील स्वयंपाकावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. पन्हे करावे, माठ सावलीत ठेवावा, हे घुग्घुसच्या बाईला कोणी शिकवायला नको. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपुढे गेलेला आपण पाहिला आहे. त्यात कोळशाच्या धुळीपायी खिडक्या बंद आणि कित्येकींच्या डोक्यावर तापलेला पत्रा! अशा ठिकाणी शेगडीपुढे हात चुकायचाच. चुकलेले सावरावे कसे, आणि केव्हा सावरू नये, एवढेच मी बोलणार आहे.

आमटी खारट झाली की बटाटा टाकावा, असे आपल्या आयांनी सांगितले. पण बटाटा काही नुसते मीठ ओढून घेत नाही, खारट पाणी पितो इतकेच. त्यापेक्षा थोडा रस्सा काढून त्यात कणीक भिजवावी, आणि उरलेल्यात कढत पाणी व बिनमिठाची शिजलेली डाळ घालावी. वरण खाली लागले तर डाव फिरवू नये, खरवडू तर मुळीच नये. वरचे अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यावे. ताक आंबट झाले तर गार पाणी घालून थोडा वेळ ठेवावे, वर आलेले पाणी ओतून द्यावे आणि नवे घालावे. ज्वारीच्या पिठाची विरी गेली तर उकळत्या पाण्यात पीठ मळावे, भाकरी चिरत नाही.

ह्या झाल्या हाताच्या चुका. उन्हाने नासवलेले अन्न ही गोष्ट निराळी. आंबील आपण मुद्दाम आंबवतो. दुपारचे वरण रात्री आपोआप आंबते. ह्या दोहोंना एका मापाने मोजू नका. त्यातही भात फसवा. भातातले काही जंतू शिजवूनही बीजरूपाने टिकतात, आणि भात तासन्‌तास उकाड्यात राहिला की वाढून विष सोडतात. मग फोडणी द्या, वाफ आणा, ते विष जात नाही. वास मात्र पुष्कळदा चांगलाच असतो!

आणि असला भात खाते कोण? मुलांना नको, ह्यांना नको, टाकवत नाही, म्हणून घरची बाई कोपऱ्यात बसून खाते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी ऐन मे महिन्यात असेच केले. रात्रभर उलट्या-जुलाब झाले, सकाळी उठवेना. घाम आधीच अंगातले पाणी नेत असतो. त्यावर जुलाब म्हणजे दोन्ही तोंडांनी घागर रिकामी. सुगरणपणाची ही किंमत मला तरी मान्य नाही.

अशा वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवून घोट घोट द्यावे. मीठ अंदाजाने वाढवू नये. येथली चूक बटाट्याने सावरत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य जीव वाचवले. मात्र माणूस बरळू लागला, शुद्ध हरपू लागली, अंग चटके देऊ लागले, तर तोंडात काही ओतू नका. ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत, थेट दवाखाना गाठा.

मघाशी एका भगिनीने विचारले, घरचा माणूस दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री येतो, त्याचे अन्न ठेवावे कसे? भात शिजताच परातीत पसरून निववावा आणि लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल, किंवा वीज सारखी जात असेल, तर त्याच्यापुरता भात रात्री ताजाच टाकावा. तेवढ्यासाठी जागणे नको असेल तर भाकरी करून ठेवावी, सोबत जवसाची कोरडी चटणी आणि कांदा. आणि हो, तांदूळ धुवून ठेवला असेल तर कुकर लावायला पुरुषाच्या हातालाही काही होत नाही.