मुष्टियुद्धाची पहिली खरेदी

मुष्टियुद्ध शिकू इच्छिणारे मूल पालकांसह क्रीडासाहित्याच्या दुकानात शिरले, की त्याची नजर प्रथम जाते ती तांबड्या, चकचकीत हातमोज्यांकडे. खरेदीचा प्रारंभ मात्र दुकानातील एका साध्या वस्तूने व्हावा. ती वस्तू म्हणजे हाताला गुंडाळावयाची कापडी पट्टी.

मनुष्याच्या हातात मनगटासह 27 हाडे असतात. लिहिणे, विणणे, धरणे यांसाठी त्यांची नाजूक रचना आहे. ठोसा वाकडा बसला की करंगळीच्या मागचे, तळहातातील हाड मोडते. ही इजा इतकी परिचयाची, की वैद्यकात ती मुष्टियोद्ध्याच्याच नावाने ओळखली जाते. सुमारे साडेचार मीटर लांबीची पट्टी मनगटाला व बोटांच्या मुळांना नीट गुंडाळली, म्हणजे हाडांना आधार मिळतो. पट्टी घट्ट असावी, परंतु बोटांना मुंग्या येण्याइतकी नव्हे.

मग हातमोजे. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी ते आवश्यक ठरविले. त्यांचे वजन औंसांत सांगतात. जोडीदाराबरोबरच्या सरावासाठी प्रौढांना बहुधा 14 ते 16 औंसांचे, जाड भरावाचे मोजे देतात; मुलांसाठीचे वजन शिक्षकांस विचारूनच ठरवावे. मोजा घालून पाहताना हाताला पट्टी बांधलेली असावी, अन्यथा घरी आल्यावर तो आखूड पडतो. सरावानंतर तो उघड्या हवेत वाळवावा.

जोडीदारासमोर उभे राहण्यापूर्वी दंतरक्षक हवाच. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसविण्याचा प्रकार नवशिक्यास पुरतो. सख्ख्या भावंडांनीही तो एकमेकांचा वापरू नये.

सर्वांत अधिक गैरसमज आहे तो शिरस्त्राणाविषयी. ते खरचटणे व जखमा कमी करते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका मात्र ते थांबवू शकत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष स्पर्धक शिरस्त्राणाविना लढले, ही गोष्टही पालकांनी ध्यानी घ्यावी. शिरस्त्राण घातले म्हणून डोक्यावर मार खाण्याची मुभा मिळत नाही. मार लागून चक्कर, मळमळ वा विस्मरण झाल्यास सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी पालकांनी एक संध्याकाळ आखाड्याबाहेर उभे राहून शिक्षकांची रीत पाहावी. पहिल्याच आठवड्यात नवख्या मुलाला झुंजीत उतरविणाऱ्या शिक्षकाकडे कितीही उत्तम सामग्री अपुरीच ठरेल. प्रथम पायांची ठेवण, दोरीवरच्या उड्या आणि बचाव शिकविणाऱ्या शिक्षकाकडे मात्र पहिले काही आठवडे पट्टी, दोरी व साधे मोजे एवढ्यावर भागते.