सत्कार वेळेवर व्हावा

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. चार लोकांत उभे राहून बोलायची सवय नाही. परंतु आपल्या भागातील नामवंत खेळाडूंविषयी दोन शब्द बोलावेत, असा मंडळाने आग्रह धरला, तो मोडवेना.

खेळाडूचा सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, हार आणि मिरवणूक. ते सगळे हवेच. आपल्या माणसाचे कौतुक आपण नाही करायचे, तर कोणी? पण सत्काराची दुसरीही एक रीत आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा बैलगाड्यांची केवढी मिरवणूक निघाली! पण जायच्या वेळी प्रवासखर्चाला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. मी म्हणते, खाशाबांचा पहिला सत्कार तोच. पुढे १९८४ साली ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा. तोवर हार घालायला तसबीरच उरली होती.

आता आपल्या लेकींकडे पाहा. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणी पळे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर दुष्काळी मुलखात वाढलेली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीपर्यंत पोचली. अशा मुलींना कोणीतरी घरातून मैदानावर जाऊ दिले, म्हणून पुढचे सगळे घडले.

आपल्या घरांत काय चालते? मुलगा तालमीतून आला की दुधाचा पेला पुढे येतो. मुलगी मैदानावरून आली की भांडी वाट पाहत असतात.

आपल्याच वस्तीतल्या दोन मुली रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळतात. एकीच्या बुटाचा तळवा सुटला आहे. ती दोरी बांधून पळते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरसाल वाण लुटतो. डबे आणि वाट्या घरोघर ठेवायला जागा नाही. माझी विनंती अशी की, यंदा वाणाचे पैसे त्या दोघींच्या बुटांना आणि दुधाला द्यावेत.

काही भगिनींना हे रुचणार नाही. वाण हा सवाष्णीचा मान, तो कसा मोडायचा, असे त्या म्हणतील. त्यांचा मान राखून सांगते, हळदीकुंकू होईल, तिळगूळ होईल. फक्त वाण यंदा त्या मुलींच्या ओटीत पडेल.

कोणी विचारील, त्या पदक आणतील का? आणतील, न आणतील. घर गहाण टाकताना खर्डेकर सरांना तरी ते कुठे ठाऊक होते?