तालमीचा हक्क



 कलाशिक्षकांच्या या संमेलनाची अध्यक्ष म्हणून सरळ विषयाकडे येते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ साली झाला. कायद्यात नोंदलेले अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, नोकरीतल्या राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाल्या, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. याच कायद्यातलं २९ वं कलम मात्र आपल्या शिक्षककक्षांत फारसं कुणी वाचलेलं मला आढळत नाही. दिव्यांग कलावंतांना आणि लेखकांना सुविधा व पाठबळ द्यावं, नृत्याच्या आणि चित्रकलेच्या वर्गांत त्यांना भाग घेता यावा, असं ते सांगतं. त्यातली एक तरतूद तर थेट आपल्या दारात येऊन उभी राहते. कलाविषयांच्या अभ्यासक्रमांची रचनाच नव्यानं करावी, म्हणजे दिव्यांग व्यक्तींना ते शिकता येतील, अशी ती तरतूद आहे. बदलण्याची जबाबदारी कायद्यानं अभ्यासक्रमावर टाकली आहे, मुलावर नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळे जाणतो. चित्रकलेच्या तासाला अंध मुलगा मागच्या बाकावर बसून राहतो, नाहीतर त्याला वाचनालयात पाठवतात. ‘याला चित्रकला माफ आहे,’ असं सांगणाऱ्या शिक्षकाच्या मनात दयाच असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला नाचात घेतात, पण खुर्चीत बसवून, हातात फुलं देऊन. स्नेहसंमेलनात कर्णबधिर मुलांचा समूहनाच होतो. रंगमंचासमोर उभ्या राहिलेल्या बाई खुणा करतात, मुलं त्या अचूक उचलतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, हेच गावोगावी घडतं. बाईंची मेहनत खरी, मुलांचा आनंदही खरा. पण त्या नाचात सम कुठे होती हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द ऐकला असेल, तर तो ‘पुन्हा’. पुन्हा म्हण. पुन्हा काढ. पाय नीट पडला नाही, पुन्हा. या शब्दामुळे आपण घडलो. दिव्यांग मुलाच्या वाट्याला मात्र पहिल्याच प्रयत्नाला ‘छान, छान!’ येतं. त्याची चूक कुणी दाखवत नाही, कारण चूक दाखवणं निष्ठुरपणाचं वाटतं. ज्याची चूक दाखवायची नाही, त्याला काही शिकवायचंही नाही, असा त्याचा अर्थ होतो. मुलाला ते कळतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर कळतं.

याविरुद्धचं उदाहरण शोधायला दूर जायला नको. कर्नाटकातल्या गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम संगीताच्या माणसांना नवा नाही. तिथले गुरू पंचाक्षरी गवई दृष्टिहीन होते. हानगलच्या कुमारस्वामींनी त्यांच्यातला गाणारा ओळखून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. कर्नाटक संगीत शिकलेल्या पंचाक्षरींनी हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतली ती मिरजेच्या नीळकंठबुवांकडे. मल्लिकार्जुन मन्सूरही याच बुवांचे शिष्य. पंचाक्षरींनी पुढे पुट्टराज गवयांना घडवलं. पुट्टराजांची दृष्टी तान्हेपणीच गेलेली. १९४४ साली गुरू गेले आणि तिथपासून २०१० मध्ये स्वतःचा देह ठेवेपर्यंत, सहा दशकांहून अधिक काळ, त्यांनी तो आश्रम चालवला. गाणं शिकवलं, वाद्यं शिकवली, मुलांच्या अन्नवस्त्राची सोय व्हावी म्हणून नाटक कंपनीही काढली. तिथे अंध मुलं शिकली आणि गरीब घरांतली डोळस मुलंही शिकली. बसवराज राजगुरू पंचाक्षरींचे शिष्य, वेंकटेश कुमार पुट्टराजांचे. दोघेही डोळस.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. समावेशक शिक्षण म्हटलं की आपल्यासमोर एकच चित्र येतं: डोळसांचा भरलेला वर्ग आणि त्यात सामावून घेतलेलं एक अंध मूल. गदगला वर्गच अंध गुरूचा होता आणि डोळस मूल तिथे येऊन बसत होतं. जिथे गुरूच दृष्टिहीन, तिथे दृष्टी नसण्याची सबब कोण सांगणार आणि कोण ऐकून घेणार? आपल्या संस्थांमध्ये दिव्यांग विद्यार्थी किती, हे आपण अहवालात लिहितो. दिव्यांग शिक्षक किती, हा रकानाच नसतो. मला तो रकाना अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता संगीत परीक्षांबद्दल. आपलं गाणं तोंडी परंपरेचं आहे. समोर बसून, कानानं घेऊन, गळ्यानं परत देण्याच्या या पद्धतीत अंध विद्यार्थ्याला काहीच कमी पडत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्यानं दुखावले, शाळेचं शिक्षण थांबलं आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गेले. डोळे अधू झालेल्या त्याच माणसानं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि संगीत घराण्यांच्या दारातून वर्गात आणलं. वर्ग आला, त्याबरोबर पुस्तक आलं, स्वरलिपी आली, लेखी परीक्षा आली. ते आवश्यकच होतं. पण अंध विद्यार्थ्याची अडचण सुरू होते ती या लेखी पेपरापाशी.

त्याला लेखनिक मिळतो, जादा वेळही मिळतो. लेखनिक त्या विषयाचा जाणकार नसावा, अशी आपली सावधगिरी असते. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते आणि तीव्र मध्यमावर उभी. संगीत न शिकलेल्या लेखनिकाला या रेघा म्हणजे नक्षी वाटते. विद्यार्थी यमनची बंदिश बिनचूक सांगतो, कागदावर मध्यम शुद्ध होऊन उतरतो आणि गुण विद्यार्थ्याचे जातात. उपाय अवघड नाही. त्याला स्वरलिपी तोंडी म्हणू द्या आणि ध्वनिमुद्रण तपासा, किंवा ब्रेलमध्ये लिहू द्या आणि ब्रेल वाचणारा परीक्षक नेमा. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवत असत. १८२९ साली त्यांनी आपली लिपी प्रथम पुस्तकरूपात मांडली, तेव्हा शीर्षकातच शब्दांच्या बरोबरीनं संगीताचा उल्लेख होता. बिंदूंची ही लिपी जन्मापासून संगीताचीही लिपी आहे. शिवाय २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून दिव्यांग वाचकांसाठी ब्रेल किंवा श्राव्य प्रत ना-नफा तत्त्वावर करायला प्रकाशकाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. आपली बंदिशींची पुस्तकं अजून ब्रेलमध्ये सगळीकडे पोचलेली नाहीत, त्याला आता कायद्याची अडचण उरलेली नाही.

चित्रकलेच्या शिक्षकांची अडचण यापेक्षा मोठी आहे, हे मी मान्य करते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती ब्रश दिला. या परीक्षांचं ऋण मोठं आहे. पण त्यांतला एकेक पेपर घेऊन विचार करा. स्मरणचित्र म्हणजे आठवणीतला प्रसंग उभा करणं. अंध मुलाला जत्रेची आठवण नसते का? गर्दीत आईचा धरलेला हात, पाळण्याची लोखंडी दांडी, वर जाताना पोटात पडलेला खड्डा, हे सगळं त्याच्या बोटांत आणि अंगात साठलेलं असतं. ते त्यानं मातीत घडवलं, तर आपण कशाची परीक्षा घेत होतो? स्मरणाची आणि रचनेची की फक्त पेन्सिलीची? भूमितीचं तर उत्तर अंधशाळांनी केव्हाच शोधलं आहे. रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेननं रेघ ओढली की ती उठून येते आणि बोटाला कळते. संकल्पचित्रातली पुनरावृत्ती, समतोल, मोकळी जागा या गोष्टी कापड, दोरा, बिया, कापलेला कागद यांतून बोटांना शिकवता येतात. स्थिरचित्रातला छायाप्रकाश मात्र बोटांना कळणार नाही. तिथे पर्यायी पेपर लागेल आणि तोही तितकाच कसाचा हवा. सोपा पेपर म्हणजे पुन्हा ‘छान, छान’च.

ज्याचा हात थरथरतो त्या मुलाला मोठा कागद, जाड पकडीचं साधन, टेबलाला घट्ट बसवलेला बोर्ड आणि वेळ लागतो. त्याची रेघ सरळ येणार नाही. पण त्याच्या रेघेतही जोर कुठे आहे आणि ती भरकटली कुठे, हे सांगता येतं आणि ते शिक्षकानं सांगायला हवं.

कर्णबधिर मुलाचं वेगळंच आहे. चित्र काढण्यात त्याला अडचण नसते. चित्राबद्दल बोललं जातं, तिथे तो एकटा पडतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून समजावतात. त्याला ना ओठ दिसतात, ना खुणा. शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहून तो कृती उचलतो, कारण मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती लहानपणी गेली. लाहोरच्या मेयो स्कूलनंतर ते १९४४ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आले, पुढे मेक्सिकोला जाऊन शिकले. चित्र, शिल्प, भित्तिचित्र अशी कामं करत ते वास्तुरचनेपर्यंत गेले. दिल्लीतला बेल्जियमचा दूतावास त्यांनी उभारलेला. एवढ्या मोठ्या माणसाचं उदाहरण देऊन आपण सुटका करून घेऊ नये, असं मला वाटतं. गुजरालांइतकी जिद्द असेल तरच शिकता येईल, अशी अट आपण ऐकू येणाऱ्या मुलांना घालत नाही.

कर्णबधिर मुलांना ताल शिकवता येतो का, असं मला पुष्कळ जण विचारतात. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी शाळेत तालवाद्यं शिकत होती, तेव्हा तिची श्रवणशक्ती जवळजवळ गेलेली होती. शिक्षक टिंपनी वाजवायचे आणि ती भिंतीला हात लावून उभी राहायची. कुठला स्वर बोटांत जाणवतो आणि कुठला मनगटापर्यंत येतो, हे ती हळूहळू ओळखू लागली आणि पुढे जगभर एकल तालवादन करू लागली. आपल्याकडे तर याहून जवळची सोय आहे. आपला ताल हातावर दिला जातो. टाळी दिसते, खाली दिसते, मात्रा बोटांवर मोजता येतात. त्रितालाच्या १६ मात्रा, तीन टाळ्या आणि एक खाली डोळ्यांनी शिकता येतात. लेझीम घ्या, मुलांना अनवाणी लाकडी फळ्यांवर उभं करा, त्याच फळ्यांवर हलगी ठेवून वाजवा आणि समेवर येणं मुलांकडून घोटून घ्या. मग रंगमंचासमोर कुणी खुणा करायची गरज राहणार नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांबाबत वेळ हाच कळीचा प्रश्न असतो. अमेरिकेतल्या जुडिथ स्कॉटला डाउन सिंड्रोम होता आणि ऐकूही येत नव्हतं. तिला ऐकू येत नाही, हे तर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सातव्या वर्षी तिला संस्थेत ठेवलं गेलं आणि ३५ वर्षं ती अशा संस्थांमध्येच राहिली. जुळ्या बहिणीनं तिला बाहेर काढलं आणि १९८७ साली ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात नेलं. तिथे जवळजवळ दोन वर्षं तिनं कशातच रस घेतला नाही. मग धागाकामाच्या एका कार्यशाळेत तिनं वस्तूंभोवती सूत गुंडाळायला सुरुवात केली आणि २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती शिल्पं करत राहिली. मोठमोठ्या संग्रहालयांनी ती घेतली आहेत. मला थक्क करतात ती मधली दोन वर्षं. त्या केंद्रानं तिला घालवून दिलं नाही आणि तिच्या हातून काहीतरी करवून घेऊन प्रदर्शनही मांडलं नाही. आपल्या योजनांमध्ये तीन महिन्यांनी छायाचित्रांसह प्रगती अहवाल मागतात. अशा योजनेत जुडिथ स्कॉट पहिल्या तिमाहीतच गळाली असती.

आता प्रवेशाबद्दल. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची नजर जन्मापासून अधू होती, तरी १९१९ साली कलाभवनानं त्यांना प्रवेश दिला. पुढे ते तिथेच शिकवू लागले. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी. १९५६ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी कागद कापून चित्रं केली, कलेचा इतिहास शिकवला आणि १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. अशा विद्यार्थ्याला आज आपल्या प्रवेश परीक्षेत जागा मिळेल का, याचं उत्तर इथे बसलेल्या प्राचार्यांनी द्यावं.

शिक्षक प्रशिक्षणाबद्दल थोडंच बोलते. विशेष शिक्षकाला ब्रेल येतं, सांकेतिक भाषा येते. चित्रकला येत नाही. कलाशिक्षकाचं नेमकं उलट. दोघं एकाच वर्गात उभे राहतील अशी तासिकांची आखणी मुख्याध्यापक करू शकतात, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. नृत्यशिक्षकांना एक कळकळीची विनंती. अंध विद्यार्थ्याला मुद्रा किंवा पदन्यास स्पर्शानं शिकवावा लागतो, पण अंगाला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी त्याची परवानगी घ्या आणि त्यालाही तुमचा हात, तुमचा खांदा चाचपून पाहू द्या. आणि नाट्यगृहं बांधणाऱ्यांना सांगा की मी पाहिलेल्या बहुतेक नाट्यगृहांत उतरती वाट प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी संपते. विंगेत मात्र पायऱ्याच असतात. चाकाच्या खुर्चीतल्या माणसानं नाटक पाहावं हे वास्तुरचनाकाराला सुचलं; तो नाटक करीलही, हे सुचायचं राहून गेलं.

जेवणानंतरच्या सत्रात परीक्षांच्या फेरमांडणीचा मसुदा आपल्यापुढे येईल. तो छापील, ब्रेल आणि ध्वनिमुद्रित अशा तिन्ही रूपांत दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताई सत्र संपेपर्यंत इथेच असतील. लेखी पेपराला तोंडी किंवा ब्रेलचा पर्याय आणि चित्रकलेचा समकक्ष स्पर्शपेपर, या दोन मुद्द्यांवर फारसा वाद होईल असं दिसत नाही. परीक्षक मंडळांवर दिव्यांग कलावंत असावेत, या मुद्द्यावर मात्र मतभेद आहेत. काहींना वाटतं की अंध परीक्षक नृत्याचे गुण कसे देणार. नृत्याचे सगळे गुण त्यानं द्यावेत असं मसुद्यात म्हटलेलंच नाही. तालाचे आणि पढंतीचे गुण तो निःसंशय देऊ शकतो. माझं मत मसुद्याच्या बाजूनं आहे. ज्यांचं विरुद्ध आहे त्यांनी दुपारी आधी बोलावं, त्यांना वेळ राखून ठेवायला मी संयोजकांना सांगितलं आहे.