रात्रीच्या कामाची विजेरी

दिल्लीचा हिवाळा बाहेरगावच्या माणसाला प्रथम मोठा सुखद वाटतो. दुपारच्या उन्हात हिरवळीवर बसलेली कुटुंबे, भाजलेल्या शेंगांच्या गाड्या आणि गाजराचा हलवा पाहिला म्हणजे त्याला या नगरीचा थोडा हेवाही वाटू लागतो. परंतु याच दिवसांत रात्रीचे तीन वाजावेत, यमुनाकाठचे धुके साहिबाबाद, गाझियाबाद, तुघलकाबाद येथील रुळांवर उतरावे, आणि मग त्या रुळांच्या कडेने खडीवर पाय सावरीत चाललेला गस्तवाला पाहावा. अंगावर जाड कोट, कानांवर मफलर, पाठीवर धोक्याचे फटाके व इतर साहित्य यांची पिशवी, आणि हातात एक विजेरी. थंडीचे दिवस असेपर्यंत रोज रात्री हा मनुष्य आपल्या वाट्याचा लोहमार्ग पायी तपाशीत असतो.

त्याला नेमके याच दिवसांत चालावे लागते, याचे कारण पोलादाच्या स्वभावात आहे. पोलाद उष्णतेने वाढते व थंडीने आकसते. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि त्याचे तापमान ४० अंशांनी उतरले, तर त्याची लांबी सुमारे ४६ सेंटिमीटरने कमी होईल. पण आजचे लांब जोडलेले रूळ स्लीपरांना घट्ट जखडलेले असतात. त्यांना आकसता येत नाही. मग आकसण्याची ती सारी ओढ रुळाच्या आत ताण होऊन राहते, आणि पहाटेच्या गारठ्यात एखादा कच्चा जोड त्या ताणाने तडकतो. अशी फट कधी बोटभर असते, कधी केसाएवढी. ती दिवसा दिसली तर शेजारच्या चौकीवरून माणसे येऊन दुरुस्ती करतात. रात्री ती दिसणे वा न दिसणे हे बऱ्याच अंशी हातातील विजेरीवर अवलंबून असते.

या उपकरणाचा इतिहास फार जुना नाही. १८९९ साली न्यूयॉर्क येथे डेव्हिड मिसेल या संशोधकाला कोरड्या घटांवर चालणाऱ्या हातदिव्याचे पेटंट मिळाले. त्या वेळचे घट इतके अशक्त होते की दिवा सतत जळत ठेवणे शक्य नव्हते. क्षणभर उजेड पाडायचा आणि मग घटाला विश्रांती द्यायची. त्यावरूनच अमेरिकेत त्याला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, हे नाव पडले. मराठीने मात्र विजेवरून ‘विजेरी’ हा सुटसुटीत शब्द घडविला. खेड्यांतून तो मागे पडून सरसकट ‘बॅटरी’ म्हटले जाते, ही गोष्ट वेगळी. तारेच्या बल्बच्या जागी पुढे प्रकाशदायी डायोड, म्हणजे एलईडी, आले. ज्या निळ्या डायोडमुळे पांढरा उजेड देणे शक्य झाले, त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या मुठीएवढ्या विजेरीतून जो झोत निघतो, तो पूर्वीच्या तीन सेलांच्या पितळी विजेरीला स्वप्नातही साधला नसता.

आणि येथेच गिऱ्हाइकाची फसगत सुरू होते. जुन्या दिल्लीत चांदणी चौकाच्या तोंडाशी भगीरथ पॅलेस नावाचा विजेच्या सामानाचा अफाट बाजार आहे. एके काळी ती बेगम समरूची हवेली होती. आज तिच्या खांबांच्या आसपास तारा, दिवे आणि पंखे यांचे राज्य आहे. अशा कोणत्याही बाजारात विजेरी मागितली की विक्रेता पहिला आकडा सांगतो तो लुमेनचा. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचे माप. तो प्रकाश कोठे पडतो, हे या मापाने कळत नाही. त्यासाठी कँडेला हे दुसरे माप आहे. झोताच्या मध्यावर प्रकाश किती एकवटला आहे, हे ते दाखविते. नळातून किती पाणी येते हा एक प्रश्न आणि त्याची धार किती लांब जाते हा दुसरा, तसेच हे आहे. दहा हजार कँडेलाचा झोत २०० मीटरवर निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे पाव लक्स, उजेड पाडतो, आणि विजेरीचा ‘पल्ला’ म्हणून जो आकडा मान्य मानकानुसार छापतात तो याच हिशेबाने काढलेला असतो. आता पल्ला दुप्पट, म्हणजे ४०० मीटर, करावयाचा तर तीव्रता दुप्पट करून भागत नाही. ती चौपट, चाळीस हजार कँडेला, करावी लागते. शिवाय चांदण्याएवढ्या उजेडात माणूस उभा आहे एवढे कळेल. रुळाची फट कळणार नाही.

गस्तवाल्याला ४०० मीटर दूरचे पाहावयाचे असते तरी कोठे? त्याची नजर पावलापुढच्या पाच-दहा मीटरांवर असते. तेथे त्याला मध्यम उजेडाचा, कडेने हळूहळू मावळत जाणारा झोत पुरतो. उलट, अतिप्रखर झोत चकचकीत रुळावरून परतून त्याच्याच डोळ्यांत शिरतो. अंधाराला डोळा पुरता सरावण्यास अर्ध्या तासाच्या आसपास अवधी लागतो, आणि हा सराव एका प्रखर झोताने क्षणात मोडतो. म्हणून ज्या विजेरीचा उजेड कमीजास्त करता येतो, आणि कळ दाबताच जी आधी मंद प्रकाश देते, ती रात्रभर काम करणाराला अधिक मानवते. प्रत्येक वेळी पूर्ण तेजाने भडकणारी आणि कळ दोनदा दाबली की लुकलुकू लागणारी विजेरी ही मुलांच्या खेळण्याला शोभते. फट शोधण्यास तर उजेड वाढविण्यापेक्षा त्याचा कोन बदलणे अधिक फलदायी ठरते. विजेरी वरून धरली तर सारा पृष्ठभाग सारखाच उजळतो. ती खाली नेऊन रुळाला जवळजवळ समांतर धरली, तर बारीक भेगेचीही काळी सावली पडते.

धुक्यात हिशेब आणखी बदलतो. दृश्यता २०० मीटरांच्या खाली आली की हवामान खाते त्याला दाट धुके म्हणते, आणि ५० मीटरांच्या खाली आली की अतिदाट. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत दोन्ही अनुभवास येतात. अशा वेळी प्रखर विजेरी पेटविली की समोर एक पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे थेंब उजेड चहूकडे उधळतात आणि त्यातला बराचसा परत पाहणाराकडेच येतो; उजेड जितका अधिक, भिंत तितकी पांढरी. पिवळा उजेड धुके कापतो, ही समजूत फार रुजलेली आहे. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळले जातात. खरा उपयोग होतो तो दिवा डोळ्यांपासून दूर नेल्याने. कपाळावर बांधावयाचा दिवा धुक्यात सर्वांत वाईट. त्याचा झोत नजरेच्याच रेषेत जातो आणि त्याच रेषेत परततो. तीच विजेरी कमरेखाली, गुडघ्याजवळ धरून अरुंद झोत जमिनीवर पाडला, की पायापुढची खडी दिसू लागते.

हाच कपाळाचा दिवा मेट्रोच्या बोगद्यात मात्र उत्तम. दिल्लीत २००२ सालच्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी एवढ्याच अंतरावर सुरू झालेल्या मेट्रोचे जाळे आता शेजारच्या राज्यांतही शिरले आहे. तिची दुरुस्ती शेवटची गाडी गेल्यानंतर पहिली निघेपर्यंतच्या थोड्या तासांत उरकावी लागते. तेथे धुके नाही, दोन्ही हात कामात गुंतलेले, आणि पाहावयाचे ते हातभर अंतरावर. तेव्हा शिरस्त्राणावरचा रुंद, मंद उजेडच हवा. विजेच्या तारा जोडणाराची गरज आणखी एक: उजेडाचा रंग. लाल, पिवळी व निळी या आपल्याकडच्या तीन फेजच्या तारा, काळी न्यूट्रलची व हिरवी जमिनीची. स्वस्त डायोडच्या निळसर पांढऱ्या उजेडात रंग बदललेले दिसतात आणि जुन्या मळकट तारांत घोटाळा होतो. तेथे थोडे लुमेन कमी असोत, पण रंग खरे दाखविणारा दिवा घ्यावा. वीज रात्री येते म्हणून मध्यरात्री मोटार चालू करण्यास निघालेल्या आपल्याकडील शेतकऱ्याची निवड याहून निराळी. मण्यार रात्रीच हिंडते. त्याला दूरचा झोत नको, पावलांभोवती पसरणारा रुंद उजेड हवा.

तेजाविषयी इतके पुरे. कारण विजेरी कमी तेजाची असल्याने जितका घात होतो, त्यापेक्षा अधिक तो ती ऐन वेळी न लागल्याने होतो. खोक्यावर ‘दहा तास’ असे छापलेले असते. मानक मापनात याचा अर्थ असा, की प्रारंभीचा उजेड एक-दशांशावर येईपर्यंत दहा तास लागतात. म्हणजे नवव्या तासाला हातात काय उरले असेल, याची कल्पना करावी. काही विजेऱ्या घट संपेपर्यंत उजेड एकसारखा ठेवतात आणि मग एकाएकी विझतात. घरी ही सोय वाटेल. दोन चौक्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला मात्र हळूहळू मंदावत पूर्वसूचना देणारी, अथवा घट किती उरला हे दाखविणारी विजेरीच सोयीची.

घटाच्या निवडीत सरसकट नियम सांगता येत नाही. साधा दीड व्होल्टचा सेल वाटेवरच्या टपरीवरही मिळतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो आत विसरला तर पाझरतो आणि विजेरी खाऊन टाकतो, विशेषतः जुना व नवा सेल एकत्र घातला तर. पुन्हा भारता येणारा लिथियमचा सेल रोजच्या कामाला स्वस्त पडतो. पण तो काढता येण्याजोगा असावा. कायमचा बंद करून टाकलेला घट दोन-तीन वर्षांनी निकामी झाला की त्याबरोबर सबंध विजेरी टाकावी लागते. या सेलांतील १८६५० नावाचा प्रकार विशेष रूढ आहे. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी एवढाच त्या गूढ आकड्याचा अर्थ. त्यात साधारणपणे फार तर ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास वीज मावते. तेव्हा त्यावर ९,९०० असे छापलेले दिसले, की सेल खाली ठेवून पुढल्या दुकानाकडे वळावे. ज्याने हा आकडा छापला त्याने लुमेनच्या बाबतीत हात आखडता घेतला असेल, असे मानण्यास आधार नाही.

दुकानात दिवसाच्या उजेडात तेज जोखता येत नाही, पण विश्वास जोखता येतो. विजेरी पेटवून तळहातावर चार-सहा वेळा आपटावी. उजेड थरथरला तर आतले स्पर्श सैल आहेत. कळ हातमोजे घालून दाबून पाहावी. झाकणाच्या आट्यांवर रबरी कडे आहे की नाही ते पाहावे. ‘आयपी ६७’ असे लिहिले असेल तर धूळ आत जात नाही व मीटरभर पाण्यात अर्धा तास राहूनही ती चालावी, असा त्याचा अर्थ. दवात भिजणाऱ्या विजेरीला याहून कमी चालले तरी धुळीचे बंधन असावेच.

सरकारी खरेदीत ही आपटून पाहण्याची परीक्षा बहुधा होत नाही. निविदेत लुमेन लिहिणे सोपे असते, कळ किती हजार वेळा दाबली जाईल हे लिहिण्यास ती विजेरी वापरणाराला विचारावे लागते. मग सर्वांत कमी दराची विजेरी येते, नोंदवहीत ‘सुस्थितीत’ असा शेरा पडतो, आणि ज्याच्या हातात ती जाते तो शहाणा मनुष्य स्वतःच्या खर्चाने आणखी एक विजेरी खिशात बाळगतो. तो खर्च कोणत्याही खात्यावर पडत नाही.

कारण फट खरोखरच सापडली, तर त्यानंतरची मिनिटे मोजकी असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. गस्तवाल्याने गाडीच्या दिशेने लाल दिवा दाखवीत निघावयाचे, ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावावयाचा आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन, असा रुंदमापी मार्गाचा नियम आहे. धुक्यात चालकाला दिवा दिसेल न दिसेल. चाकाखाली फुटणारा फटाका ऐकू येतो. भरभर चालले तरी १,२०० मीटरांना बारा मिनिटे लागतात, आणि वाट खडीची. या बारा मिनिटांत ठेच लागू न देणे, पिशवीतला फटाका नीट रुळावर बसविणे आणि गाडी दिसताच लाल दिवा समोर धरणे, हे सारे त्याच एका विजेरीवर चालते. रेल्वेच्या विजेरीत म्हणूनच लाल, हिरवा व पांढरा असे तीन उजेड असतात. लाल उजेड बिघडलाच, तर पांढरा दिवा जोरजोराने आडवा हलवावयाचा. त्यालाही ‘थांबा’ हाच अर्थ आहे.

बहुतेक रात्री काहीच सापडत नाही. पहाटेच्या सुमारास हद्दीच्या टोकाशी दुसऱ्या बाजूचा गस्तवाला भेटतो. आजकाल दोघांजवळही त्यांचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र असते, तरी गस्तीच्या वह्यांची अदलाबदल करावी लागते. समोरचा माणूस धुक्यातून पुरता दिसू लागण्यापूर्वीच त्याच्या विजेरीचा अस्पष्ट गोळा दिसतो. जवळ येताच दोघेही आपापला झोत जमिनीकडे वळवितात, वह्या बदलतात, सेल किती उरला ते पाहतात, आणि पुन्हा आपापल्या वाटेने मागे फिरतात.