मांजराच्या मागचं झाड

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि मागच्या दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून थेट कुंपणापर्यंत नारळी-पोफळीची वाडी. पुण्यात कुणाला सांगितलं की माहेरी बाग आहे, तर त्यांच्या डोळ्यांपुढे हिरवळ, कुंड्या आणि झोपाळा येतो. आमच्याकडे बाग म्हणत नाहीत, वाडी म्हणतात. बाग म्हणावी अशी जागा म्हणजे मागच्या पायरीपासून न्हाणीपर्यंतचा आईचा तुकडा. तिथे अबोली, अनंत, जास्वंद, गवती चहा, कढीपत्ता, एक पपनस आणि सांडपाण्यावर वाढलेलं अळू. त्याच्या पलीकडे अण्णांचं राज्य.

या दोन्ही राज्यांत मी गेली वीसेक वर्षं फोटो काढत हिंडते आहे. मी फोटोग्राफर नाही. शाळेत भूगोल शिकवत होते, आता निवृत्त आहे. २००६ साली घरात एक छोटा डिजिटल कॅमेरा आला, तो खरं म्हणजे मुलीच्या गॅदरिंगसाठी. पण त्यावर एका बटणाशी छोट्या फुलाचं चित्र होतं. ते बटण दाबलं की वीतभर अंतरावरची वस्तूसुद्धा स्पष्ट टिपता येते, हे मला मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी कळलं, आणि त्या वर्षी आंब्याच्या आढीकडे माझं लक्षच राहिलं नाही. रोलचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजेल. छत्तीस फोटोंचा रोल लग्नमुंजीला पुरवून पुरवून वापरायचा. त्यात अळूच्या पानावरच्या थेंबाला कोण विचारतो? आता थेंबाचे पन्नास फोटो काढा, एकोणपन्नास पुसून टाका.

झाडं शहाणी असतात, जागेवर उभी राहतात. प्राण्यांनी मात्र मला घाम फोडला. आमच्याकडे काळ्या नावाचा कुत्रा होता, नावाप्रमाणेच नखशिखांत काळा, आणि ठमी नावाची पांढरी मांजर. काळ्याचा जवळून फोटो काढला की तो राखी यायचा. आणि अनंताचं पांढरंशुभ्र फूल जवळून घेतलं की मळकट दिसायचं, बरेच दिवस वापरलेल्या सदऱ्यासारखं. मी कॅमेऱ्याला दोष देत राहिले. पुढे एका पुस्तकात वाचलं तेव्हा उलगडा झाला. कॅमेरा असं धरून चालतो की समोरचं जग सरासरीनं ना काळं ना पांढरं, मधल्या राखी रंगाचं आहे. चौकटभर काळा कुत्रा आला की त्याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून तो उजेड वाढवतो. चौकटभर पांढरं फूल आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो कमी करतो. त्यावर उपाय म्हणजे अधिक-उण्याची खूण असलेलं बटण: काळ्यासाठी उणे, अनंतासाठी अधिक. ऐकायला उलटं वाटतं, पण बरोबर येतं.

ठमीचं तंत्र निराळं. हाक मारली की ती पाठ फिरवायची. उभ्यानं फोटो काढला तर नुसतं डोकं आणि शेपटी. शेवटी मी शेणानं सारवलेल्या अंगणात पालथी पडायला शिकले, म्हणजे माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीत यायचे. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून ओरडल्या, "अगं, पडलीस की काय?" पन्नाशीच्या घरातली माहेरवाशीण अंगणात आडवी पडलेली पाहून दुसरं काय वाटणार!

फुलांना त्रास वाऱ्याचा. समुद्र जवळ असल्यामुळे वारा कधी थांबत नाही आणि जास्वंदीचं फूल मान हलवत राहतं. मग आई येऊन दांडी धरायची. "काढ लवकर, भात लागेल." माझ्या शेकडो फोटोंत कडेला आईची बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या आहेत. आधी मी त्या कापून टाकत असे, पुढे कंटाळा केला.

दुपारी वाडीत फोटो काढण्यात अर्थ नसतो. वरच्या झावळ्यांमधून ऊन कवडशांनी खाली येतं. जिथे कवडसा तिथे पान पांढरं पडतं आणि शेजारी गुडुप अंधार. खरा उजेड सकाळी आठपर्यंतचा, नाहीतर पाऊस थांबल्यावर आभाळ भरलेलं असतं तेव्हाचा. त्या उजेडात सावली नसते आणि हिरव्याच्या दहा छटा दिसतात.

पपनसाच्या पानांवर दर पावसाळ्यात काही काळपट ठिपके यायचे. आई त्यांना पक्ष्याची शीट समजायची. एकदा मी जवळून फोटो काढला आणि मोठा करून दाखवला, तर ती अळी निघाली. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होणारी. पुढे तीच राणी पाकोळी होते. त्या निळ्या-काळ्या फुलपाखराला महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला. फोटो पाहिल्यावर आईनं पपनसाची एक फांदी अळ्यांच्या नावे करून टाकली. बाकीच्या फांद्यांवर आलेली अळी उचलून ती त्याच फांदीवर नेऊन ठेवायची.

पुढे मुलीनं पहिल्या पगारातून मला मोठा कॅमेरा घेऊन दिला. त्याच्या भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं की समोरचं फूल रेखीव येतं आणि मागचं सगळं हिरव्या धुक्यासारखं विरघळून जातं. मला तर वेडच लागलं. मागची दोरीवरची धुणी, बादली, खराटा, सगळं गायब! फोटो कॅलेंडरवरच्यासारखे दिसायला लागले. नातेवाईक वाहवा करायचे. पाच-सहा वर्षं मी दुसऱ्या पद्धतीनं फोटोच काढला नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आम्ही पुण्यात टाळेबंदीत, टीव्हीसमोर बसून. फोन सकाळीच बंद झाले होते. पहिला निरोप पाचव्या दिवशी आला. माझा एक चुलतभाऊ पडलेली झाडं ओलांडत, मोटारसायकल अर्ध्या वाटेत ठेवून घरी पोचला होता. परत रेंजमध्ये आल्यावर त्यानं फोन केला. "दोघं बरी आहेत. घरावर कौलं नाहीत." मी विचारलं, "आणि वाडी?" तो जरा थांबला. म्हणाला, "ताई, तू ये."

ई-पास काढून आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पोचलो. घरावर ताडपत्री होती, वीज नव्हती. आई नेहमीसारखी बोलत होती. वादळात काळ्या काय करत होता ते सांगत होती. एरवी उंबरठ्याच्या आत पाय न टाकणारा तो कुत्रा माजघरात तिच्या मांडीत डोकं खुपसून बसला होता. ठमी चार दिवस बेपत्ता होती, आली ती भात मागतच.

मी मागचं दार उघडलं आणि मला पहिल्यांदा दिसलं ते ऊन. वाडीत ऊन होतं. जिथे भर मे महिन्यात दुपारी बाराला गारवा असायचा, तिथे कुंपणापर्यंत लख्ख उजेड. पोफळी एकमेकींवर आडव्या पडलेल्या, काही कमरेतून मोडलेल्या. जायफळाची दोन झाडं मुळांसकट उलटलेली. मिरीचे आणि पानाचे वेल आधाराला काही न उरल्यामुळे जमिनीवर लोळत होते. सवयीनं हात पिशवीतल्या कॅमेऱ्याकडे गेला. आई म्हणाली, "आज नको." अण्णा म्हणाले, "काढू दे तिला. पंचनाम्याला लागतील." मी काढले. ते फोटो नंतर मी पुन्हा कधी उघडलेले नाहीत.

अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दोन दिवस ते वाडीत नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बियाणं काढायला हवं." सुपारीचं रोप सुपारीपासूनच करायचं असतं, आणि सुपारी घ्यायची ती भरघोस धरणाऱ्या, वयात आलेल्या झाडाची. आमच्या वाडीत अशी एक पोफळ होती, आजोबांच्या हातची. घरात तिला 'थोरली' म्हणत. पडझडीतून मोजकी अकरा झाडं उभी राहिली होती, आणि त्यात थोरली आहे असं दोघांचंही म्हणणं होतं. फक्त कुठली, यावर एकमत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, साठ वर्षं ज्यांच्याखाली वावरले ती झाडं ओळखता येऊ नयेत? पण अण्णा झाड ओळखायचे ते शेजाऱ्यांवरून. डोणीपासून तिसरी, जायफळाच्या डाव्या हाताची, पाटाच्या वळणावरची. शेजारी गेले, वेल उतरले, पाट मातीखाली गेला, रांगाच राहिल्या नाहीत. उरलेली झाडं माळावरच्या खांबांसारखी सुटी सुटी उभी. अण्णा एका झाडाकडे बोट दाखवायचे, आई दुसऱ्याकडे. आई म्हणायची, "अहो, मी रोज डोणीवर कपडे धुते, मला ठाऊक नाही?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "शिंपणं कोण करतं?"

माझ्या लॅपटॉपमध्ये चौदा वर्षांचे फोटो होते. गाडीत चार्ज करून तो ओटीवर आणला. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. अण्णा शेजारी बसले, चष्मा पुसला. मी अलीकडचे फोटो उघडले, माझे देखणे, कौतुकाचे फोटो. ठमी डोणीच्या काठावर, मागे हिरवं धुकं. अनंताची कळी, मागे हिरवं धुकं. "मांजर राहू दे," अण्णा म्हणाले, "मागचं दाखव." मागचं नव्हतंच. मीच कौशल्यानं पुसून टाकलेलं. एकेक फोटो पुढे सरकवताना माझे कान गरम झाले. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते "पुढचा" म्हणत राहिले.

शेवटी जुन्या, छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोंत एक सापडला, २००९ च्या मे महिन्यातला. ठमीची आई डोणीवर बसून जांभई देते आहे, तीही हललेली. समोर बादली, वर दोरीवर आईचा परकर. पुसायचा राहून गेलेला फोटो. त्या छोट्या कॅमेऱ्याला मागचं विरघळवता येत नव्हतं, त्यामुळे मांजराच्या मागचं सगळं जसंच्या तसं होतं. अण्णांनी बोट ठेवलं. "ही. मोठं कर." डोणीमागची तिसरी पोफळ, आणि तिच्या बुंध्यावर गुडघ्याच्या जरा वर कोयत्याची तिरपी खाच. झाड उंचीला वाढतं ते शेंड्याकडून, बुंध्यावरची खूण वर सरकत नाही. अकरा वर्षांनीही खाच तिथेच असणार.

अण्णा उठले, विजेरी घेतली. मागोमाग आई, तिच्यामागे काळ्या, सगळ्यांच्या मागे मी. खाच होती. आई म्हणत होती त्या झाडावर.

अण्णांनी विजेरी विझवली आणि म्हणाले, "चला, जेवायला वाढ."

त्या वर्षी थोरलीनं धरलं ते थोडंच, पण पिकलेल्या सुपाऱ्या अण्णांनी स्वतः निवडून रुजत घातल्या. कोवळ्या रोपांना थेट ऊन सोसत नाही आणि वाडीत आता उनाशिवाय काही नव्हतं. म्हणून आधी केळी लावल्या, त्यांची सावली झाल्यावर २०२२ च्या पावसाळ्यात नऊ-नऊ फुटांवर रोपं. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात. आई एकदा म्हणाली, "या वयात एवढा खटाटोप! कोण खाणार ती सुपारी?" अण्णा म्हणाले, "खायची नसते. विकायची असते."

रोपं लावली त्याच वर्षी काळ्या गेला. त्याला पपनसाखाली पुरलं आहे. माझ्याकडे त्याचे तीनशेवर फोटो आहेत, निम्म्यांत तो राखी आहे. ते मी तसेच ठेवलेत.

मोठा कॅमेरा आता कपाटात असतो. फोनवरच काढते, आणि फोनमध्येही मागचं धूसर करायची सोय आहे, ती बंद ठेवते. अण्णांचा हुकूम आहे की दर खेपेला प्रत्येक रोपाचा फोटो निघाला पाहिजे, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, शेजारचं रोप दिसेल असा. पुण्याला परतले की तिथून ते फोटो त्यांना पाठवायचे. मग रात्री त्यांचा फोन येतो आणि एकेकाची तपासणी होते. रोपं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत, अजून धरलेली नाहीत.

गेल्या खेपेला मी तिथेच असताना ओटीवरूनच हाक आली. फोनवर फोटो पाहत बसले होते. "विहिरीकडचा सातवा पुन्हा काढ. मांजर मध्ये आलंय."

मी गेले. ठमीची नात रोपाच्या आळ्यात अंग पसरून झोपली होती. हुसकलं, तर एक डोळा उघडून तिनं पुन्हा मिटला. मी दोन पावलं डावीकडे सरकले आणि फोटो काढला.