ज्वारी तरते, हरभरा का जळतो?
(गटाच्या मासिक बैठकीत केलेली मांडणी)



भांगलणीला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशकाचा विषय आता प्रत्येक गटात निघतो. "ज्वारीवर मारलं तरी ज्वारीला काय होत नाय," असं दुकानात सांगतात. ते का होत नाही, हे आधी समजून घेऊ.

ॲट्राझीनचं उदाहरण घ्या. हे औषध मुळातून आत जातं आणि पानाचं अन्न तयार करायचं काम बंद पाडतं. ते तणात शिरतं तसंच ज्वारीतही शिरतं. पण ज्वारीच्या पानात एक विकर असतं. ते औषधाच्या कणाला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ चिकटवतं. तसं झालं की औषधाचा जोर संपतो. मग झाड ते पेशीतल्या पिशवीत बंद करून टाकतं. म्हणजे ज्वारी औषध पचवते. मकाही पचवतो. हरभरा आणि करडईला ते इतक्या लवकर जमत नाही, म्हणून ती जळतात.

आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपल्या रानात नुसती ज्वारी नसते. मध्ये करडईचे, हरभऱ्याचे तास असतात. घरचं तेल, घरची डाळ, हरभऱ्याची भाजी त्यातूनच येते. भांगलणीचे पैसे वाचवताना ते गेलं, तर हिशोब कुठं बसला?

ज्वारीच्या पचवण्यालाही मर्यादा आहे. डोस जास्त झाला, थंडी पडली किंवा रान चिबडलं, तर तीही पिवळी पडते. ॲट्राझीन जमिनीत काही महिने राहू शकतं, म्हणून पुढच्या हंगामातल्या हरभऱ्यालाही धोका असतो. टू-फोर-डीचा फवारा वाऱ्यानं शेजारच्या द्राक्षावर गेला, तर भांडण ठरलेलंच.

आणखी एक. तेच औषध वर्षानुवर्षं मारलं, तर तणही पचवायला लागतं. अमेरिकेत राजगिऱ्याच्या जातीतल्या तणांनी हेच केलंय.

म्हणून फवारणी ठरवायच्या आधी घरात तीन गोष्टी विचारा: रानात ज्वारीशिवाय काय आहे? पुढं काय पेरायचंय? डब्यावर कोणतं पीक आणि किती डोस लिहिलाय? पंप घरातला पुरुष मारत असला, तरी हे तिन्ही प्रश्न आपण विचारायचे. रान दोघांचं आहे.